घोडीची आयाळ झडतेय. तेल, शिकेकाई, कांद्याचा रस, सगळं करून झालं

बांधावरचा (धागाकर्ता) | २० मार्च, रात्री ९:४२

मंडळी, इथे घोडेवाले कितीजण आहेत माहीत नाही, पण गाई-म्हशींच्या धाग्यांवर चांगले सल्ले मिळतात म्हणून विचारतो.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून आण्णांनी (वडील) एक घोडी आणली. कुमैत (तांबूस-तपकिरी रंगाची), पाच वर्षांची, नाव बिजली. बाजारात तिच्याहून उंच घोड्या होत्या, चालीच्या होत्या. आण्णा अडकले ते आयाळीत. पार खांद्याखाली उतरलेली, काळीभोर. तापीच्या काठावरून मला व्हिडिओ कॉल केला तर वीस मिनिटं नुसते केस दाखवत होते, घोडीचं तोंड मी घरी आल्यावरच पाहिलं.

आता त्याच आयाळीची पार दशा झालीय. मार्च लागल्यापासून खरारा केला की मूठभर केस हातात येतात. मानेच्या मधोमध वीतभर पट्टा इतका विरळ झालाय की खालची कातडी दिसते. कानामागे आणि पाठीजवळ थोडे लांब केस शिल्लक आहेत, त्यामुळे आणखीच विचित्र दिसतं.

आतापर्यंतचे उपाय: मोहरीचं तेल (चुलत्यांचा सल्ला), आजीची शिकेकाई, माझा कोंड्याचा शांपू, आणि शेवटी कुठल्याशा व्हिडिओत बघून कांद्याचा रस. कांद्याच्या रसानंतर दोन दिवस घोडी मला जवळ येऊ देईना. तालुक्याच्या औषधाच्या दुकानात गेलो तर त्याने गोचिडाचं औषध दिलंय, "पाण्यात मिसळून अंगावर मारा" म्हणाला. अजून मारलेलं नाही.

हनुमान जयंतीला गावची जत्रा आहे. छबिन्यापुढे बिजली चालणार हे आण्णांनी भावकीत सगळ्यांना सांगून ठेवलंय. काहीतरी सुचवा.

---

खुशालचेंडू | २० मार्च, रात्री १०:०५

खोबरेल आणि कापूर. आमच्या घरात माणसांना, कुत्र्याला आणि एकदा चुकून सोफ्याला लावून झालंय. हाकानाका (हाय काय, नाय काय).

---

परदेशी_पाखरू | २० मार्च, रात्री ११:३०

मी हॅनोव्हरजवळ एका तबेल्यात शनिवार-रविवार काम करते. तुमचं वर्णन वाचून पहिल्यांदा डोक्यात आलं ते इथे ज्याला 'सोमरएक्झेम' म्हणतात ते. क्युलिकॉइडीस नावाची चिलटं असतात, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, डासाच्या मच्छरदाणीतूनही आत घुसतात. चावली की काही घोड्यांना त्यांच्या लाळेची ॲलर्जी येते आणि आयाळीच्या मुळाशी, शेपटीच्या बुंध्याशी प्रचंड खाज सुटते. घोडं खांबाला, झाडाला, कुंपणाला मान घासत सुटतं. केस तुटतात, कातडी सोलवटते, पुढे जाड होऊन सुरकुत्या पडतात.

माझ्याकडे एक आईसलँडिक घोडा आहे (माझा नाही, मी फक्त सांभाळते). आईसलँडात लहानाचे मोठे झालेले घोडे युरोपात आणले की त्यांना हा त्रास फार होतो, कारण ही चिलटं त्यांना आधी कधी चावलेलीच नसतात. बिचाऱ्याला परतही पाठवता येत नाही. तिथून एकदा बाहेर पडलेला घोडा परत देशात घ्यायचा नाही असा त्यांचा कायदाच आहे. माहेर कायमचं तुटलं.

उपाय म्हणाल तर ही चिलटं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चावतात, तेव्हा घोडी आत बांधा. त्यांना वाऱ्यात उडता येत नाही, साधा मोठा पंखा लावला तरी फरक पडतो. साचलेलं पाणी आणि उकिरडा गोठ्यापासून लांब. बिजली मान घासते का?

---

बांधावरचा | २१ मार्च, सकाळी ७:१५

नाही हो, तीच तर गंमत आहे. घासत अजिबात नाही. आण्णा दिवसभर तिच्यापाशीच असतात, त्यांनी एकदाही पाहिलेलं नाही. कातडी स्वच्छ आहे, खपली नाही, लाली नाही. आणि हो, शेपूटही पातळ झालीय असं आई म्हणते, मी लक्ष दिलं नव्हतं.

---

दस्तुरी_नाका | २१ मार्च, दुपारी १:२०

माथेरानला घोडे आहेत आमचे, तिसरी पिढी. आयाळीत उवा बघितल्या का? केसांची भांगं पाडून उन्हात बघा, मुळाशी पांढऱ्या लिखा चिकटलेल्या दिसतात. थंडीत अंगावरचे केस दाट असतात तेव्हा जास्त होतात. पण उवा असल्या तर खाज असणारच.

आमच्याकडे त्रास पावसाळ्याचा. अंग दिवसेंदिवस ओलं राहिलं की खपल्या धरतात आणि ओढलं की केसांचा झुबका खपलीसकट निघतो. ते तुमच्याकडे मार्चमध्ये कुठलं. बाकी आमचं काम सोपं: तांबडी माती इतकी की तेल लावलं तर संध्याकाळपर्यंत आयाळीची वीट होते. आम्ही तेल लावतच नाही.

---

रिकिबीत_पाय | २१ मार्च, रात्री ८:५०

फौजेत बावीस वर्षं घोड्यांमध्ये काढली. आजार-बिजार डॉक्टर सांगतील, मी फक्त हाताचं सांगतो, कारण धागाकर्त्याने जे जे केलंय ते वाचून मलाच कसंतरी झालं.

पहिलं म्हणजे खरारा आयाळीत घालायचाच नाही. खरारा अंगासाठी, वाळलेला चिखल आणि मेलेले केस काढायला. लोखंडी खरारा असेल तर तो मानेवरून फिरवणं म्हणजे केस उपटणंच. आयाळीला आधी बोटं. खांद्यापाशी बाजूला उभं राहायचं, मानेच्या पुढ्यात नाही, घोड्याने मान झटकली तर तुमचा दात जाईल (माझा गेलाय). एका वेळी चार बोटं रुंदीची बट घ्यायची. डाव्या हाताने बट मधेच घट्ट धरायची म्हणजे ओढ मुळाला लागत नाही, आणि उजव्या हाताने खालच्या टोकापासून गुंता सोडवत वर यायचं. टोक सुटलं की दोन बोटं वर, पुन्हा दोन बोटं वर. वरून खाली ओढणारा माणूस घोड्यापाशी ठेवू नये. सगळं बोटांनी सुटल्यावर मग रुंद दातांची फणी, तीही फक्त तपासायला. नवीन पोराला आम्ही पहिला महिनाभर फणी देतच नसू.

धुणं: रोज नाही, आठवड्यालाही नाही. धुळीने मळली, घामाने चिकटली की धुवायची. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं एक प्रथिन असतं, त्यामुळेच पळून आलेल्या घोड्याच्या मानेवर साबणासारखा फेस दिसतो. तो वाळला की मागे मीठ राहतं आणि त्याने मात्र खाज येते. म्हणून काम झालं की आयाळ उचलून खालची कातडी नुसत्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसायची. हे पाच मिनिटांचं काम केलं तर शांपूची वेळ क्वचितच येते. आणि शांपू लावलाच तर लावायला जितका वेळ लागला त्याच्या तिप्पट वेळ पाणी ओतायचं. राहिलेला साबण हा आयाळीचा खरा शत्रू. शिकेकाईची पूडही मुळाशी बसली की निघत नाही, आजींना नमस्कार सांगा आणि थांबवा.

तेल: माथेरानवाल्यांशी सहमत. धूळ धरते. फारच कोरडी असेल तर दोन थेंब तळहातावर चोळून फक्त टोकांना.

वेणी: बाजारात घोडी लहरी-लहरी आयाळीची दिसली ना? आदल्या रात्री ओल्या केसांच्या बारीक वेण्या घालतात आणि सकाळी सोडतात, सारंगखेड्याला मी स्वतः पाहिलंय. एक दिवस ठीक. पण घट्ट वेणी आठ-आठ दिवस ठेवली, वर रबर लावलं, की केस मुळातून ढिले होतात. उन्हाळ्यात मानेखाली हवा जावी म्हणून घालायची असेल तर सैल, तीन पदरी, सुती दोऱ्याने, आणि दोन-तीन दिवसांत सोडायची. वरातीच्या घोड्यांना गोटा-जरी बांधून महिनोन्महिने ठेवतात, त्यांच्या माना जवळून बघा कधीतरी.

शेवटचं, आण्णांना आवडणार नाही: सगळी उडवून टाका. पोलोच्या घोड्यांची आयाळ आम्ही मशीनने साफ करायचो, नाहीतर काठी आणि लगाम अडकतात. रुबाब कमी होत नाही. साफ मानेचा घोडा देखणाच दिसतो.

---

बांधावरचा | २१ मार्च, रात्री १०:१०

सर, मनापासून आभार. बोटांचं उद्यापासून. शेवटची ओळ आण्णांना वाचून दाखवली. ते काही न बोलता उठून गोठ्यात गेले.

---

खुशालचेंडू | २१ मार्च, रात्री १०:१४

वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्याकडे घोडा नाही, बायकोच्या केसांसाठी.

---

शिरवळकर_तिसरं_वर्ष | २२ मार्च, सकाळी ६:४०

पशुवैद्यकीयचा विद्यार्थी आहे, डॉक्टर अजून नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी तातडीचं. दुकानदाराने दिलेल्या बाटलीवर घटक वाचा. 'अमिट्राझ' लिहिलं असेल तर घोडीला अजिबात लावू नका. गाई-म्हशींना चालतं, घोड्याच्या आतड्याची हालचाल त्याने मंदावते, लीद अडकते, पोटशूळ होऊन जनावर जाऊ शकतं. तसंच गाईची किंवा कोंबड्यांची तयार पेंड घोडीला घालत असाल तर तीही बंद. काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, घोड्याच्या हृदयाला ते अगदी थोडंही विषारी आहे.

आता प्रश्न.
झडलेले केस उचलून बघा. तुटलेले आहेत, की पूर्ण लांबीचे, मुळासकट?
झडणं एकदम सुरू झालं की हळूहळू?
चंदीत काय, वैरणीत काय, हिरवं काय, कुठलं टॉनिक? सगळं लिहा, 'नेहमीचंच' असं लिहू नका.

---

बांधावरचा | २२ मार्च, दुपारी २:३०

बाटली बघितली. अमिट्राझच आहे. बाजूला ठेवली. हात थरथरले खरंच.

केस: पूर्ण लांबीचे. पांढऱ्या फरशीवर ठेवून बघितले, टोकाला बारीक पांढरा ठिपका आहे. तुटलेले जवळजवळ नाहीतच.

खाणं: सकाळ-संध्याकाळ चंदी, त्यात भिजवलेले हरभरे आणि जवाचा भरडा. ज्वारीचा कडबा. हिरवं म्हणजे आधी लसूणघास होता, संक्रांतीनंतर विहिरीचं पाणी उतरलं तसा घास संपला. आता बांधावरचा हिरवा पाला. खनिज मिश्रणाची पुडी आहे, गाईंना देतो तीच चिमूटभर तिलाही.

---

पंचकल्याणी | २२ मार्च, दुपारी ४:०५

अवांतर: केसांचे भोवरे बघून घेतली होती का? आमच्या आजोबांच्या मते आयाळीखाली भोवरा चुकीच्या जागी असला की...

---

रिकिबीत_पाय | २२ मार्च, दुपारी ४:२०

भोवरा बाजारात भाव पाडायच्या कामाचा. विकणारा दडवतो, घेणारा शोधतो. केस झडायचा त्याच्याशी संबंध नाही. मूळ विषयावर राहू या.

---

वाड्यावरचा | २२ मार्च, संध्याकाळी ७:४५

धागा उशिरा बघितला. आम्ही मेंढरंवाले. दिवाळीनंतर मेंढरांचा वाडा कोकणात उतरतो, बिऱ्हाड तट्टांवर. भीमथडीची तट्टं, बुटकी पण घाट चढायला वाघ.

बांधावरचा पाला म्हंजी कशाचा पाला, ते नाव घ्या. सुबाभूळ तर नाही ना? आमच्यात म्हातारी माणसं तट्टाला सुबाभळीखाली बांधू देत न्हाईत. मेंढराला चालती, तट्टाची शेपूट गळती म्हनत्यात. का ते मला ठाव न्हाई.

---

बांधावरचा | २२ मार्च, रात्री ८:००

सुबाभूळच आहे. पण शेळ्या वीस वर्षं तीच खातात हो आमच्या. एकीचाही केस गेला नाही.

---

शिरवळकर_तिसरं_वर्ष | २२ मार्च, रात्री ९:२५

वाड्यावरच्या दादांना साष्टांग. मी सेलेनियम या खनिजाच्या मागे लागणार होतो. ते जास्त झालं तरी आयाळ-शेपूट झडते. पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडे काही जमिनींतच ते जास्त आहे, तिथल्या गुरांचे केस आणि खूर जातात. पण तुमच्या चिमूटभर पुडीपेक्षा सुबाभूळ फार मोठा संशयित आहे.

सुबाभळीत मिमोसिन नावाचा पदार्थ असतो. केसाच्या मुळाशी नवीन पेशी बनत असतात, ते काम तो थांबवतो. केस तुटत नाही, मुळातूनच सुटतो. म्हणून तुमच्या फरशीवर पूर्ण लांबीचे केस. म्हणून खाज नाही, खपली नाही. अंगावरच्या केसांपेक्षा आयाळ आणि शेपटीला फटका जास्त, कारण अंगावरचे केस ऋतूप्रमाणे वाढून थांबतात, आयाळ बारमाही वाढत असते.

शेळीचं काय? शेळी-मेंढी-गाय रवंथ करणारी. पाला आधी पोटाच्या मोठ्या कप्प्यात जातो, तिथले जिवाणू मिमोसिन मोडून टाकतात. सगळीकडच्या जनावरांत असे जिवाणू नव्हते. ऑस्ट्रेलियात गुरांना सुबाभळीचा त्रास व्हायचा, तेव्हा हवाईच्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू नेऊन तिथल्या गुरांना दिले, १९८० च्या दशकातली गोष्ट. आपल्याकडच्या शेळ्या सहसा निभावून नेतात. घोड्याला तो कप्पाच नाही. त्याचं आंबवणं होतं मागे, मोठ्या आतड्यात, आणि तोवर मिमोसिन रक्तात गेलेलं असतं.

एक विचारू? कोवळे शेंडे खुडून घालत होता का? मिमोसिन शेंड्यांत आणि बियांत सगळ्यात जास्त.

---

बांधावरचा | २२ मार्च, रात्री ९:५०

आण्णा रोज सकाळी तिच्यासाठी कोवळे शेंडे निवडून आणतात. राठ फांद्या शेळ्यांना आणि लोण्यासारखा पाला बिजलीला. रोजची दोन मोठी ओझी.

त्यांना कसं सांगू कळत नाही.

---

परदेशी_पाखरू | २३ मार्च, पहाटे २:१०

अरे देवा. लाडानेच.

चिलटांचं मी उगाच लांबण लावलं, पण वाया गेलं नाही असं समजते.

---

बांधावरचा | २७ मार्च, रात्री ९:३०

चार दिवसांचा हिशोब.

आण्णांनी आधी मान्यच केलं नाही. "मोबाइलवरची पोरं मला घोडं शिकवणार" वगैरे झालं. योगायोगाने आज नालबंद आला. मागचा पाय मांडीवर घेतला आणि आपण होऊन म्हणाला, "हिला जानेवारी-फेब्रुवारीत काय आजार झाला होता?" मी म्हटलं का? त्याने खुरावरची माती पुसून बोट ठेवलं. केस संपून खूर सुरू होतो त्या कडेच्या बोटभर खाली आडवा वळ, दोरी बांधून काढल्यासारखा. चारही खुरांना, एकाच उंचीवर. नखाने चाचपला की खाच लागते.

शिरवळकर, खुराचंही तेच असणार ना?

आण्णांनी चारही पाय स्वतः बघितले. मग सुबाभळीचं ओझं उचलून शेळ्यांपुढे टाकलं आणि म्हणाले, घास कुठे विकत मिळतो बघ.

---

शिरवळकर_तिसरं_वर्ष | २७ मार्च, रात्री १०:१५

हो, खूर आणि केस दोन्ही केराटिन या एकाच प्रथिनाचे. जेव्हा विष चालू होतं तेव्हाची वाढ बिघडली, तिची रेघ खुरावर राहिली. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर उतरतो, म्हणजे बोटभर खाली म्हणजे फेब्रुवारीचा सुमार. तारीखवार नोंदच म्हणा. लंगडत नाही ना, तेवढं बघा, आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. इथे बसून मी नक्की म्हणणं बरोबर नाही.

बाकी औषध काही नाही. पाला बंद, चांगली वैरण, आणि वाट बघायची.

---

बांधावरचा | १३ एप्रिल, सकाळी ११:००

जत्रा झाली. डॉक्टरांनी बघितलं, तेही सुबाभूळच म्हणाले. आयाळ अर्थातच नव्हती. आईने जुन्या इरकल लुगड्याचा काठ कापून मानेवर बसेल अशी झालर शिवली, खाली घुंगरं. भावकीतल्या एकाने विचारलंच, "आण्णा, ती तापीकाठची आयाळ कुठंय?" आण्णा म्हणाले, "पदराखाली."

---

बांधावरचा | १८ जुलै, रात्री ८:२०

धागा वर काढतोय, कारण कुणीतरी विचारपूस केली होती.

विरळ पट्ट्यात नवे केस आलेत, चार बोटं उंच, दात घासायच्या ब्रशासारखे ताठ उभे. पावसात भिजले तरी बसत नाहीत. कानामागे आणि पाठीजवळ जुने लांब केस लोंबतात, मधे हा ब्रश. खुरावरचा वळ उतरत उतरत अर्ध्यावर आलाय. खाली गेला की नालबंद कापून टाकेल म्हणतो.

फणी बंद आहे. आण्णा रोज संध्याकाळी बोटांनी करतात, बट धरून, खालून वर. सर, एकच प्रश्न: जुने लांब केस कापून सगळं सारखं करू का?

---

रिकिबीत_पाय | १८ जुलै, रात्री ९:०५

कात्री लावू नका. कात्रीची सरळ रेघ घोड्याच्या मानेवर फार वाईट दिसते. नवे केस वीतभर झाले की वजनाने आपोआप पडतील. तोवर ओल्या हाताने एका बाजूला बसवत राहा. महिन्याला दोन-अडीच सेंटिमीटर वाढ धरा, म्हणजे जुन्या लांबीला दोन वर्षं सहज लागतील. किंवा मशीन. माझं मत बदललेलं नाही.

---

वाड्यावरचा | १९ जुलै, सकाळी ६:३०

सुबाभूळ तोडली का?

---

बांधावरचा | १९ जुलै, सकाळी ७:१०

नाही, शेळ्यांना लागते. आण्णांनी पाच गुंठे लसूणघास टाकलाय, पाऊस बरा आहे, उतरलाय छान. पण बिजलीला गोठ्यातून बाहेर काढली की अजून पहिल्यांदा मान बांधाकडेच वळते. आण्णा दाव्याला झटका देतात आणि तिच्याशी काहीतरी बोलतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.